जन्मली तेव्हा लाल होती

आमच्या घरात रंगाचा विषय कुणी काढत नसे, कारण तो माझ्या रंगाचा विषय होता. मी सावळी. सावळी हा पाहुण्यांपुढे काढायचा शब्द. पाहुणे गेले की मावशी सरळ काळी म्हणायची. अप्पांचं केजला कापडाचं दुकान आहे. तिथे बसलं की माझ्या अंगाला धरून ते बायकांना साड्या दाखवायचे आणि म्हणायचे, हिच्यावर उठून दिसतो तो रंग कुणावरही दिसेल. त्यांना वाटे आपण लेकीचं कौतुक करतो आहोत. मी हसायचे आणि साडी घडी करून ठेवायचे.

नांदूरघाटची मंडळी बघायला आली तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी माझे हात हातात घेतले, पालथे करून बघितले, उलटे करून बघितले आणि म्हणाल्या, पोरगी हुशार दिसते. मुलीला बघितल्यावर कुणी हुशार म्हटलं की काय समजायचं ते मला समजलं. त्या स्वतः केतकीसारख्या गोऱ्या. नवराही त्यांच्यावर गेलेला. त्यांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान, माणसं बोलायला चांगली, त्यामुळे लग्न झालं आणि संसारही बरा चालला. पण घरात कुणी गोऱ्या पोरीचं कौतुक केलं की मी स्वयंपाकघरात काहीतरी आणायला जायचे. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला रंगावरून कधी एक शब्द ऐकवला नाही, हे मी आज सांगू शकते. तेव्हा मला त्यांच्या न बोलण्याचाही राग यायचा.

सातव्या महिन्यात डोहाळेजेवण झालं आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून मी केजला निघाले. निघताना आत्याबाईंनी एक स्टीलचा डबा दिला. केशर, बदाम आणि बरीचशी खडीसाखर एकत्र कुटून केलेली पूड. रोज सांजच्याला दोन चमचे कोमट दुधात घालून घ्यायचे. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. केशराचं दूध कशासाठी पितात ते आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शिवाय त्या रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायच्या आणि मी कप तोंडाला लावला की समाधानाने मान हलवायच्या.

माहेरी आल्यावर पहिल्याच तपासणीत माझी साखर वाढलेली निघाली. ही तपासणी आम्ही आंबाजोगाईला केली होती. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गरोदरपणात होतं असं, घाबरू नका. गोड बंद, जेवणाआधी इंजेक्शन, आणि बाळंतपण जिथे करणार तिथे हे आवर्जून सांगा. घरी आल्यावर कपाळावरची विभूती पुसली जाईपर्यंत अप्पांनी कपाळ चोळलं आणि म्हणाले, "नांदूरघाटला ह्यातलं एक अक्षर कळता कामा न्हाई. आजारी पोरगी गळ्यात मारली मनतील."

झालं. अप्पांनी एकदा ठरवलं की आमच्याकडे त्यावर चर्चा नसते. इंजेक्शनं फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याखाली गेली. नवऱ्याला सांगायचं नाही, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. केजच्या ज्या दवाखान्यात बाळंतपण होणार होतं तिथेही सांगायचं नाही, कारण तिथली एक नर्स नांदूरघाटची. तिला कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. तिथे विचारलं, आधी काही त्रास? आई म्हणाली, काही नाही. मी शेजारीच बसले होते.

भात बंद झाला, गोड बंद झालं, आंबे दारात येऊन परत गेले. एकच गोष्ट चालू राहिली, ते केशराचं दूध. आई म्हणायची, फोनपुरतं साधं दूध घे, कोण चाखून बघतंय? आणि तिचं अगदी बरोबर होतं. मी मान हलवायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन डब्यातली पूड दोन चमचे भरून घालायचे. कपाच्या तळाशी पिवळी साखर राहायची ती बोटाने चाटून घ्यायचे. मला आत्याबाईंची भीती नव्हती. मला ते केशर हवं होतं. माझ्या पोटचं लेकरू माझ्यासारखं होऊ नये असं मला वाटत होतं. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि ती इतक्या वर्षांत कमी झालेली नाही.

बाळ पोटात मोठं झालं म्हणून सिझर करावं लागलं. मुलगी झाली. तिला पुसून माझ्या गालाशी आणलं तेव्हा मी आधी तिचा रंग बघितला. नाक नाही, डोळे नाहीत, बोटं मोजली नाहीत. ती लाल होती. गुलाबी नव्हे, पिकल्या डाळिंबाच्या सालीसारखी लाल, तळवे तर आणखी गडद. चुलती म्हणाली, लाल जन्मलेलं लेकरू गोरंपान होतं, माझा शब्द लिहून ठेवा. अप्पांनी त्याच दिवशी आमच्या गल्लीत आणि दुकानांच्या ओळीत बर्फी वाटली. घेणाऱ्याने तोंड गोड करायच्या आत ते सांगायचे, नात लालबुंद हाय. नांदूरघाटला फोन लावला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "केशर लागलं बघ पोरी." टाके दुखत असतानाही मी हसले. मला वाटलं, जिंकले.

लेकरू रडत नव्हतं. सगळा वेळ झोपून. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, किती गुणी. छातीशी धरलं तर दोनदा ओठ हलवायची आणि पुन्हा झोपायची. नर्स सांगून जायची, सारखं पाजत राहा, उठवून पाजा. पण मला बसता येत नव्हतं आणि दूधही उतरल्यासारखं वाटत नव्हतं. तेव्हा चुलतीने गाईचं दूध पाणी घालून आणलं, स्वच्छ कापसाचा बोळा केला आणि थेंब थेंब तिच्या तोंडात पिळला. भोळ्या माणसाला आपण हसतो ना, अजून बोळ्याने दूध पितोस का म्हणून, तसंच माझ्या लेकीला अगदी खरोखर पाजलं. चुलती माझी चांगली होती. तिने तिची चारही लेकरं अशीच वाढवली होती.

दुसऱ्या दिवशी दूध उलटायला लागलं. पोट टणक झालं. आईने हिंग उगाळून बेंबीभोवती लावला, वात धरला असेल म्हणाली. मग उलटी हिरवी झाली आणि दुपट्यावर शी झाली त्यात रक्ताचा धागा दिसला. केजच्या डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला आणि बाळ आंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात आत्ताच्या आत्ता न्यायला सांगितलं. ओल्या टाक्यांनिशी मीही आईबरोबर रुग्णवाहिकेत चढले. अप्पा पुढे ड्रायव्हरजवळ बसले. वाटेत ते दोनदा मागे वळून म्हणाले, पाचवीला पाहुणे येणार, त्यांना काय सांगायचं? मला त्यांचा राग आला नाही, कारण माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं.

सांगायची वेळच आली नाही. ज्या नर्सच्या भीतीने आम्ही सगळं लपवलं, तिनेच फोन केला होता. आम्ही पोचलो तेव्हा माझा नवरा आणि आत्याबाई जीपने येऊन दारात उभे होते. आत्याबाईंच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

लहान मुलांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिच्या अंगाचं रक्त घेतलं, नळी यंत्रात फिरवून आणली आणि आम्हाला उजेडात धरून दाखवली. नळी जवळजवळ सगळी लालच होती, वर पाण्याचा जेमतेम एक पट्टा. हिचं रक्त फार घट्ट आहे, ते म्हणाले. आईला ते पटेना. आमच्याकडे बाईला एकच आजार असतो, रक्त कमी. शाळेत गोळ्या, लग्नानंतर गोळ्या, गरोदरपणात गोळ्या. रक्त जास्त असणं हा आजार कसा असेल? तिने तसं विचारलंसुद्धा. डॉक्टरांनी तिला शेताचं उदाहरण दिलं. पाटात पाण्याऐवजी गाळ वाहायला लागला तर जवळचे वाफे कसेबसे भिजतील, पण शेवटच्या वाफ्यापर्यंत काही पोचणार नाही. शरीर आधी मेंदूला देतं, हृदयाला देतं. आतडं शेवटच्या वाफ्यात आहे. तेच उपाशी राहिलंय, सुजलंय, आणि एक्स-रेच्या फोटोत आतड्याच्या भिंतीत हवा दिसते आहे.

मग त्यांनी विचारलं, बाळाच्या आईला गरोदरपणात साखर होती का?

"न्हाई साहेब," अप्पा म्हणाले. "आमच्यात कुणालाच न्हाई."

अप्पा हे इतक्या सहज म्हणाले की क्षणभर मलाही खरं वाटलं. मी चाकाच्या खुर्चीत होते. समोर आत्याबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. आत काचेपलीकडे माझ्या मुलीचं पोट तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं ताणलेलं दिसत होतं.

"होती," मी म्हटलं. "इंजेक्शनं चालू होती."

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, आत बघितलं आणि पुन्हा घातली. व्याह्यांच्या माणसांसमोर मी त्यांना खोटं पाडलं होतं. आयुष्यभर दुकानात ज्यांचा शब्द मीटरपट्टीइतका पक्का, त्या माणसाला लेकीच्या सासरच्यांसमोर मान खाली घालावी लागली, आणि ती घालायला लावणारी मी. आपण खरं बोललो याचं समाधान वगैरे मला मुळीच वाटलं नाही. जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं.

डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, आधी कळलं असतं तर जन्मल्याबरोबरच रक्त तपासून बघितलं असतं. आईची साखर वाढली की बाळ पोटात जास्त रक्त तयार करतं. घट्ट रक्ताने आतड्याचा पुरवठा कमी होतो, त्यात वरचं दूध पोटात गेलं की ते सोसत नाही. पण यातल्या एकाच कारणावर बोट ठेवता येणार नाही. अशी कितीतरी लाल बाळं काही न होता घरी जातात. आता थोडं रक्त काढून तेवढंच सलाईन भरायचं, म्हणजे रक्त पातळ होईल. तोंडाने काही द्यायचं नाही. आतड्याला भोक पडलं तर मात्र ऑपरेशन. रक्त पातळ करण्याच्या कामातही धोका असतो, तोही त्यांनी लपवला नाही. नवऱ्याने सही केली. सही करताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

नंतर आत्याबाई माझ्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. मी तयार होते. उत्तरं पण तयार होती, तुम्हीच रंगाचं वेड घेतलं वगैरे. त्यांनी एवढंच विचारलं, "कावून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुमी काय म्हनला असता?"

त्यांनी कमरेची पिशवी सोडली. सुपारी, किल्ल्या आणि त्यांच्याखाली गोळ्यांचं पाकीट. "मला बी हाय," त्या म्हणाल्या. "तुज्या लग्नाच्या आदीपासून. तुमच्यात आले की बासुंदी खायचे, तुज्या अप्पांना कळू नये मनून."

दुसरी कुठली वेळ असती तर मी पोट धरून हसले असते. दोन्ही घरांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती आणि दोघांनी एकमेकांना आग्रह करकरून गोड वाढलं होतं. त्यांनी पिशवी बांधली. मग हळूच विचारलं, ते सांजचं दूध खरंच पीत होतीस का? मी हो म्हटलं.

"अगं, फोनवर मला काय दिसतंय? साधं दूध प्यायचं की."

मी रडायला लागले आणि त्यांना वाटलं लेकरासाठी रडते आहे. त्या माझी पाठ चोळत राहिल्या, आणि ज्या बाईला मी इतकी वर्षं मनात नावं ठेवली तिच्या खांद्यावर मी डोकं टेकून बसले. केशर मला हवं होतं हे मी तेव्हा त्यांना सांगितलं नाही. त्या अजून समजतात की मी त्यांच्या धाकाने पीत होते, आणि कधीकधी स्वतःच्या तोंडात मारून घेतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आत सोडलं. हात धुऊन, गाऊन घालून मी तिच्या काचेच्या पेटीजवळ गेले. नर्स खुशीत होती. बघा, लाली उतरली, म्हणाली. रक्त पातळ झालं होतं, काम नीट पार पडलं होतं. नाकातल्या नळीतून हिरवं पाणी अजून येत होतं, पोटाला टेप लावून ते पुन्हा मोजणार होते, आतडं टिकतं की नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि माझी नजर तिच्या कानांकडे गेली. जन्मलेल्या लेकराचा पुढचा रंग कानाच्या पाळीवर कळतो म्हणतात. कान सावळे होते. हात, पाय, कपाळ, सगळी माझीच.

मला वाईट वाटलं. मी ते कसंही फिरवून सांगू शकते, टाके दुखत होते, झोप नव्हती, पण खरं एवढंच की माझी मुलगी जगण्याकडे एक पाऊल टाकत होती आणि तिचा रंग गेला म्हणून मला वाईट वाटलं. एक क्षणच. मग मी स्वतःच्या विचाराला इतकी घाबरले की पेटीच्या भोकातून हात घालून तिची टाच धरली आणि नर्सने बाहेर जायला सांगेपर्यंत सोडली नाही.

पुढचे दिवस आम्ही तिच्या पोटाच्या मापावर जगलो. माप वाढलं की कुणी जेवत नसे. मी भिंतीकडे तोंड करून वाटीत दूध पिळायचे, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं की आतडं जागं झालं की त्याला सोसेल ते आईचंच दूध. माझं दूध तिला चालेल, हे ऐकून मला बरं वाटलं. माझं काहीतरी चांगलं होतं तर. ऑपरेशनची वेळ आली नाही. फोटोतली हवा गेली, नळीतलं पाणी स्वच्छ झालं, आणि एके दिवशी तिला माझ्या दुधाचे थोडे थेंब दिले. ते राहिले. मग पिवळी शी झाली. आत्याबाई तो लंगोट दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आल्या आणि सरळ अप्पांसमोर धरला. "बघा येहीबुवा, हळदीवानी."

अप्पा त्या दिवसापासून माझ्याशी बोलले नव्हते. त्यांनी लंगोटाकडे बघितलं, उपरण्याने डोळे पुसले आणि खाली टपरीवर गेले. चहा घेऊन आले तेव्हा आत्याबाईंचा आणि माझा कप त्यांनी वेगळा धरला होता. बिनसाखरेचे आहेत, म्हणाले, भर वऱ्हांड्यात, चार माणसांच्या देखत. आमच्यात यावर पुढे कधी बोलणं झालं नाही.

आता ती शाळेत जाते. पोटाची काही तक्रार नाही. जोंधळ्याच्या दोन भाकरी सहज खाते आणि आजीच्या डब्यातले फुटाणे चोरते. रंग माझा, कणभरही कमी नाही. गावात कुणी ना कुणी म्हणतंच, आजी एवढी गोरी, बाप गोरा, ही कुणावर गेली? आणि माझ्या तोंडून आपसूक निघतं, जन्मली तेव्हा लालबुंद होती. खुलासा दिल्यासारखं. मूळचा माल चांगला होता, नंतर काय झालं ते झालं, असं. बोलून झाल्यावर जीभ चावते, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

मागच्या यात्रेला आम्ही नारायणगडाला गेलो होतो. तिथे नवऱ्याची लांबची एक आत्या भेटली, तिने तेच विचारलं आणि मी तेच उत्तर दिलं. या वेळी मुलगी माझा हात धरून उभी होती. परत येताना जीपमध्ये ती आजीच्या मांडीवर बसली होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "आई, मी लाल होते तवा चांगली दिसत होते का?"

आत्याबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"न्हाई," मी म्हटलं. "तवा तू आजारी होतीस. लई आजारी होतीस."

"मग बरी कवा झाले?"

"माझ्यासारखी दिसायला लागलीस तवा."

तिने माझा हात ओढून आपल्या हाताशेजारी ठेवला, दोन्ही पालथे करून बघितले, उलटे करून बघितले आणि पटल्यासारखी मान हलवली. मग ती खिडकीकडे वळली. मला मात्र घर येईपर्यंत तिच्याकडे नीट बघता आलं नाही.